बँका कार्यक्षम झाल्या, पण कुणासाठी?

२०१७-१८ या आर्थिक वर्षात आपल्या सरकारी बँकांनी मिळून ८५ हजार कोटी रुपयांहून जास्त तोटा दाखवला होता. २०२३-२४ मध्ये त्याच बँकांचा एकत्रित नफा १ लाख ४१ हजार कोटींच्या घरात गेला. सहा वर्षांत एवढा पालट झाला म्हटल्यावर ‘बँका कार्यक्षम झाल्या’ असं सगळीकडे छापून येणं साहजिक होतं. अधूनमधून जागतिक तक्तेही फिरत असतात. या खंडातल्या बँका त्या खंडापेक्षा कार्यक्षम, वीस वर्षांपूर्वी अमुक देश कुठे होता आणि आज कुठे आहे, अशी रंगीत रेघांची चित्रं त्यात असतात. ती पाहून सरकारं धोरणं बदलतात, गुंतवणूकदार पैसे हलवतात आणि सामान्य वाचक पान उलटतो, कारण ही कार्यक्षमता म्हणजे काय हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. विषय वाटतो तितका अवघड नाही. शिवाय तो थेट आपल्या ठेवीच्या आणि कर्जाच्या व्याजाशी बांधलेला आहे.

मुळात मोजायचं काय?

धरणातून पाटाला पाणी सोडलं की ते सगळं शेतात पोहोचत नाही. कच्च्या पाटात काही झिरपतं, काही उन्हाने उडतं, काही वाटेत कुणीतरी मोटर लावून उचलतं. सोडलेल्या पाण्यापैकी शेतापर्यंत किती आलं, यावर पाट चांगला की वाईट ते ठरतं. बँकेचं मूळ काम असंच वाहून नेण्याचं आहे. एकाची बचत घ्यायची आणि ज्याला धंद्याला, घराला, बियाण्याला पैसा हवा त्याच्यापर्यंत ती पोहोचवायची. ठेवीदाराला ६ टक्के व्याज मिळालं आणि कर्जदाराकडून १० टक्के घेतलं, तर मधले ४ टक्के वाटेत राहिले. त्यातून कर्मचाऱ्यांचे पगार, शाखेचं भाडं, संगणक, बुडालेल्या कर्जाची भरपाई, कर आणि शेवटी बँकेचा नफा निघतो.

हे मोजायला दोन आकडे सर्वांत जास्त वापरतात. पहिला निव्वळ व्याज मार्जिन. बँकेला मिळालेल्या व्याजातून तिने दिलेलं व्याज वजा करायचं आणि जे उरेल ते तिने दिलेली कर्जं व केलेली गुंतवणूक यांच्या किती टक्के आहे ते पाहायचं. दुसरा खर्च-उत्पन्न गुणोत्तर, म्हणजे शंभर रुपये कमावण्यासाठी बँक पगार, भाडं आणि कामकाजावर किती रुपये खर्च करते ते. बुडीत कर्जाची तरतूद या खर्चात धरत नाहीत. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे त्यानेच घात केलेला दिसेल.

अर्थशास्त्रज्ञांची आणखी एक पद्धत आहे. १९५७ साली मायकेल फॅरेल यांनी मांडलेल्या कल्पनेतून ती वाढली. सगळ्या बँकांमधून तेवढ्याच माणसांत आणि तेवढ्याच पैशांत सर्वांत जास्त काम करणाऱ्या बँका निवडायच्या, त्यांची एक सीमारेषा आखायची आणि बाकीच्या बँका तिच्यापासून किती मागे आहेत ते मोजायचं. दिसायला पद्धत नेटकी आहे, पण ‘काम’ कशाला म्हणायचं यावरच तज्ज्ञांचं एकमत नाही. ठेव हा बँकेचा कच्चा माल मानायचा की ग्राहकाला दिलेली सेवा? उत्तर बदललं की क्रमवारीही बदलते.

सहा आकडे एका माळेत

जगभरची तुलना करणाऱ्या तक्त्यांपैकी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा निर्देशांक फार वापरला जातो. २०१६ साली मांडलेल्या या निर्देशांकात १९८० पासूनची सुमारे १८० देशांची माहिती आहे. वित्तसंस्थांच्या कार्यक्षमतेसाठी त्यात सहा गोष्टी एकत्र केल्या आहेत: निव्वळ व्याज मार्जिन, कर्ज आणि ठेवीच्या दरांतलं अंतर, व्याजाखेरीज इतर उत्पन्नाचा वाटा, एकूण मालमत्तेच्या तुलनेत कामकाजाचा खर्च, मालमत्तेवरचा परतावा आणि भागभांडवलावरचा परतावा. शेवटी देशाला शून्य ते एक यांच्या दरम्यान गुण मिळतात.

ही यादी सावकाश वाचली तर एक ओढाताण दिसते. व्याजाचं मार्जिन जास्त असेल तर गुण कमी होतात, कारण वाटेत जास्त पैसा राहिला. पण परतावा, म्हणजे नफा, जास्त असेल तर गुण वाढतात. हा नफा बऱ्याचदा त्याच मार्जिनमधून आलेला असतो! पहिला आकडा ग्राहकाच्या बाजूने पाहतो आणि दुसरा भागधारकाच्या. दोन्ही मिसळून जो गुण येतो, तो नेमका कुणाची स्थिती सांगतो हे नुसत्या गुणावरून कळत नाही.

इतर उत्पन्नाचंही तसंच. व्याजावर विसंबून न राहता बँक सेवा देऊन कमावते, ही चांगलीच गोष्ट. पण खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून कापलेला दंडही याच सदरात जमा होतो. एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या आठ महिन्यांत भारतीय स्टेट बँकेने अशा दंडातून सुमारे १,७७० कोटी रुपये मिळवले होते. त्या वर्षीच्या जुलै-सप्टेंबर तिमाहीतल्या तिच्या निव्वळ नफ्यापेक्षा ही रक्कम मोठी होती. २०२० मध्ये बँकेने बचत खात्यांवरचा हा दंड बंद केला. ज्यांच्या खात्यात पैसेच नव्हते त्यांच्याकडून घेतलेला पैसा कार्यक्षमतेच्या बाजूला मोजला जावा, हे मला पटत नाही.

जपानमध्ये एक टक्का, आफ्रिकेत सहा-सात. असं का?

जपानी बँकांचं व्याज मार्जिन गेली कित्येक वर्षं १ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी राहिलं. भारतात ते साधारण ३ टक्के असतं. सहाराच्या दक्षिणेकडच्या अनेक आफ्रिकी देशांत ५, ६, ७ टक्के दिसतं. एवढ्यावरून ‘आफ्रिकेच्या बँका गचाळ’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत.

साधा हिशेब करून पाहू. समजा एक कर्ज मंजूर करायला कागदपत्रं तपासणं, जागेवर जाणं आणि हप्ते वसूल करणं यात बँकेचे हजार रुपये जातात. कर्ज १० कोटींचं असेल तर हा खर्च ०.००१ टक्का झाला. कर्ज १० हजारांचं असेल तर तोच खर्च १० टक्के होतो. दोन्हीकडे माणसं सारखीच कष्टाळू आहेत, फरक फक्त कर्जाच्या आकाराचा आहे. त्यात जमिनीच्या नोंदी स्पष्ट नसतील, कोर्टात वसुलीला वर्षं लागत असतील आणि सरकारच चढ्या व्याजाने रोखे विकत असेल, तर बँकेला छोट्या माणसाला स्वस्तात कर्ज देण्याचं कारणच उरत नाही.

उलट जपानमधलं बारीक मार्जिन ही सगळी हुशारीची कमाई नाही. १९९० नंतर तिथला जमिनीचा आणि शेअर्सचा फुगा फुटला, कर्ज मागणारे कमी झाले, मध्यवर्ती बँकेने व्याजदर शून्यावर आणले आणि २०१६ ते मार्च २०२४ या काळात तर शून्याखाली नेले. कर्जाचा दरच तळाला गेल्यावर मार्जिन कुठून येणार? ठेवीदारांना त्या काळात जवळपास काहीच मिळालं नाही.

‘मग सरकारने कायदा करून मार्जिन कमी करावं’ अशी मागणी लगेच पुढे येते. केनियाने ते करून पाहिलं. सप्टेंबर २०१६ पासून तिथे कर्जाचं व्याज मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा जास्तीत जास्त ४ टक्क्यांनी वर ठेवण्याचं बंधन आलं. बँकांनी छोट्या व्यावसायिकांना कर्ज देणं आवरतं घेतलं आणि पैसा सरकारी रोख्यांत घातला. कागदावर कर्ज स्वस्त झालं, पण ज्यांच्यासाठी कायदा केला त्यांच्या हाती ते पडेना. नोव्हेंबर २०१९ मध्ये ही मर्यादा उठवावी लागली.

त्याच केनियात एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा २००७ पासून आहे. २०१२ मध्ये तिच्यावर एम-श्वारी नावाचं छोटं कर्ज सुरू झालं. ना शाखा, ना कागद, ना वसुलीला माणूस. कर्ज देण्याचा खर्च पार खाली आला असणार, तरी तीस दिवसांच्या कर्जाचं शुल्क ७.५ टक्के होतं! पाटाला अस्तर घातलं, गळती थांबली, पण वाचलेलं पाणी टेलच्या शेतकऱ्याला मिळेलच असं नाही. खर्च कमी होणं आणि तो फायदा ग्राहकाच्या पदरात पडणं, या दोन वेगळ्या घटना आहेत. जगाच्या तुलना वाचताना मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

ब्राझीलच्या बँका महागाईवर कशा जगल्या

काळाप्रमाणे कार्यक्षमता कशी बदलते, हे समजून घ्यायला ब्राझीलइतकं बोलकं उदाहरण क्वचित सापडेल. १९८० च्या दशकात आणि नव्वदीच्या सुरुवातीला तिथे महागाई बेलगाम होती. मार्च १९९० या एकाच महिन्यात भाव ८० टक्क्यांहून जास्त वाढले. अशा वेळी चालू खात्यात पडून असलेल्या पैशावर बँक व्याज देत नाही आणि तोच पैसा रातोरात सरकारी रोख्यांत गुंतवून चढं व्याज घेते. ग्राहकाने वीज बिल भरलं आणि बँकेने ते वीज कंपनीला दोन दिवसांनी दिलं, तरी त्या दोन दिवसांत चांगली कमाई. त्या वर्षांत बँकांना महागाईतून मिळणारं असं उत्पन्न देशाच्या एकूण उत्पन्नाच्या सुमारे ४ टक्के होतं.

मग पैसा गोळा करायला गावोगाव शाखा निघाल्या. खर्च प्रचंड, पण उत्पन्न त्याहून मोठं, म्हणून ताळेबंद झकास दिसत होते. एका बाबतीत या बँका खरोखरच पुढे गेल्या. पैसा एक दिवस अडकला तरी नुकसान होत असल्यामुळे त्यांनी संगणकीकरण फार लवकर आणि फार चांगलं केलं.

जुलै १९९४ मध्ये ‘रेआल’ हे नवं चलन आलं आणि महागाई वर्षभरात आटोक्यात आली. बँकांचं फुकटचं उत्पन्न जवळजवळ एका झटक्यात आटलं. शाखा तेवढ्याच, माणसं तेवढीच आणि कमाई गायब. १९९५ मध्ये बांको इकॉनॉमिको आणि बांको नासिओनाल, तर १९९७ मध्ये बामेरिंदुस, अशा मोठ्या खासगी बँका कोसळल्या. सरकारला बचाव योजना आणावी लागली. त्या दोन-तीन वर्षांत बँकांतली माणसं एकाएकी आळशी झाली नव्हती. आकडे बदलले ते भोवतालची अर्थव्यवस्था बदलल्यामुळे.

पुढची तीस वर्षं ब्राझीलमधलं कर्ज-ठेवीच्या दरांतलं अंतर जगातल्या सर्वांत मोठ्या अंतरांपैकी राहिलं, आणि टिकून राहिलेल्या थोड्या मोठ्या बँका उत्तम नफा कमावत राहिल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने ‘पिक्स’ ही तत्काळ पैसे पाठवायची यंत्रणा आणली आणि सामान्य माणसासाठी ती फुकट ठेवली. यात बँकांचं शुल्काचं काही उत्पन्न गेलं, म्हणजे निर्देशांकाच्या एका रकान्यात त्या मागे सरकल्या. ग्राहकाच्या बाजूने पाहिलं तर तीसेक वर्षांतली ही सर्वांत मोठी सुधारणा होती.

‘खर्च कमी म्हणजे बँक चांगली, हे तरी खरं ना?’

चीनच्या मोठ्या बँका शंभर रुपये कमावायला तीसच्या आसपास खर्च करतात, तर जर्मनीच्या बँका बराच काळ सत्तर किंवा त्याहून जास्त. तक्त्यात चीन दुपटीने कार्यक्षम दिसतो. पण चीनमध्ये जुलै २०१३ पर्यंत कर्जाच्या दराला सरकारी किमान मर्यादा होती आणि ऑक्टोबर २०१५ पर्यंत ठेवीच्या दराला कमाल मर्यादा. मधलं अंतर सरकारनेच बांधून दिलं होतं, आणि कर्जं जायची बहुतांशी अवाढव्य सरकारी कंपन्यांना. १९९९ मध्ये चार मोठ्या बँकांची सुमारे १.४ लाख कोटी युआनची खराब कर्जं वेगळ्या संस्थांकडे हलवावी लागली होती. कमी व्याज घेऊन त्या व्यवस्थेची किंमत ठेवीदारांनी मोजली.

आयर्लंडची अँग्लो आयरिश बँक तर याहून स्पष्ट धडा आहे. शाखा मोजक्या, कर्मचारी थोडे आणि कर्जदार म्हणजे मूठभर मोठे बिल्डर. तिचं खर्च-उत्पन्न गुणोत्तर युरोपात हेवा करण्यासारखं होतं. २००७ साली एका मोठ्या सल्लागार कंपनीने तिला जगातली सर्वोत्तम कामगिरीची बँक ठरवलं. जानेवारी २००९ मध्ये ती सरकारला ताब्यात घ्यावी लागली आणि आयरिश करदात्यांनी तिच्यात सुमारे २९ अब्ज युरो ओतले. वर म्हटलेला तपशील आठवा: बुडीत कर्जाचा खर्च या गुणोत्तरात येतच नाही. कर्जदाराची नीट चौकशी न करणं हे सर्वांत स्वस्त काम असतं, त्यामुळे चौकशी टाळणारी बँक काही वर्षं सर्वांत कार्यक्षम दिसते.

मुंबईतल्या पीएमसी या सहकारी बँकेच्या ठेवीदारांना हे समजावून सांगावं लागणार नाही. मार्च २०१९ च्या ताळेबंदात तिची थकीत कर्जं ४ टक्क्यांहून कमी दाखवली होती. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा उघड झालं की कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त रक्कम एकाच बांधकाम समूहाकडे होती आणि ती लपवायला हजारो खोटी खाती उघडली होती. सुमारे ९ लाख ठेवीदारांचे पैसे अडकले. त्यात सोसायट्या होत्या, निवृत्त माणसं होती, लग्नाची जमापुंजी होती. ताळेबंदच खोटा असेल तर त्यावरून काढलेलं कुठलंही गुणोत्तर खोटंच निघतं.

तंत्रज्ञान आलं, मग सेवा स्वस्त का झाली नाही?

तोमा फिलिपाँ या अर्थशास्त्रज्ञाने २०१५ मध्ये अमेरिकेचा सुमारे १३० वर्षांचा हिशेब मांडला. संपूर्ण वित्तक्षेत्राला मिळणारं उत्पन्न एका बाजूला आणि त्याने हाताळलेली बचत व कर्जं दुसऱ्या बाजूला. तार, टेलिफोन, संगणक, इंटरनेट सगळं येऊन गेलं, तरी दर शंभर डॉलरमागे वर्षाला दीड ते दोन डॉलर हा खर्च जवळपास तिथेच राहिला. कापड, वीज, फोन कॉल यांच्या किमती तंत्रज्ञानाने पाडल्या, बचत कर्जदारापर्यंत पोहोचवण्याची किंमत मात्र नाही. फ्रान्स, जर्मनी आणि ब्रिटनच्या अभ्यासातही हा खर्च काळाबरोबर घटल्याचं दिसलं नाही.

आक्षेप येतो की पूर्वी फक्त भरवशाच्या कंपन्यांना कर्ज मिळायचं, आता सामान्य कुटुंबांनाही मिळतं, म्हणून खर्च टिकून आहे. फिलिपाँ यांनी कर्जदारांमधला हा बदल हिशेबात धरला आहे, तरीही मोठी घट दिसत नाही. मग वाचलेला पैसा गेला कुठे? वित्तक्षेत्रातल्या चढ्या पगारांत, शेअर-रोख्यांच्या वाढलेल्या उलाढालीत आणि शुल्कांत त्याचा बराच भाग जिरला, असं मला वाटतं.

आपल्याकडचा काळही असाच उकलून पाहावा लागतो. १९९१ मध्ये बँकांना ठेवींपैकी ३८.५ टक्के सरकारी रोख्यांसारख्या ठरावीक ठिकाणी आणि १५ टक्के रिझर्व्ह बँकेकडे ठेवावे लागत. शंभरातले पन्नासहून अधिक रुपये आधीच बांधलेले असत, मग उरलेल्यांवर मार्जिन जास्त घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पुढे हे बंधन सैल झालं. २०१५ नंतर रिझर्व्ह बँकेने थकीत कर्जं लपवू दिली नाहीत, म्हणून तोटे उघडे पडले. २०१८ च्या मार्चमध्ये सर्व व्यापारी बँकांची ढोबळ थकबाकी, म्हणजे एकूण कर्जांतला थकीत कर्जांचा वाटा, ११ टक्क्यांवर होती आणि २०२४ पर्यंत ती ३ टक्क्यांखाली आली. ही सुधारणा खरी आहे. दिवाळखोरी कायद्याचा धाक बसला, कर्जमंजुरी कडक झाली. पण त्यात आणखी दोन गोष्टी आहेत. सरकारने २०१६-१७ ते २०२०-२१ या काळात सरकारी बँकांत ३ लाख कोटींहून जास्त भांडवल घातलं, आणि २०२४ पर्यंतच्या दहा वर्षांत व्यापारी बँकांनी मिळून १६ लाख कोटींहून जास्त कर्जं निर्लेखित केली. निर्लेखित म्हणजे माफ नव्हे, वसुली चालूच राहते. तरी ती रक्कम ताळेबंदावरून हलते आणि थकबाकीची टक्केवारी खाली येते.

सरकारी बँका मागासच, नाही का?

जनधन योजना २०१४ मध्ये आली. पन्नास कोटींहून जास्त खाती उघडली गेली आणि त्यातली तीन चतुर्थांशाहून जास्त सरकारी बँकांत आहेत. शून्य शिल्लक असलेलं खातं सांभाळायला खर्च येतो आणि त्यातून कमाई जवळजवळ नाही. गडचिरोलीतली शाखा आणि नरिमन पॉइंटची शाखा एका मापाने मोजली तर गडचिरोलीची हरणारच. म्हणूनच जागतिक बँकेच्या २०१२ च्या मांडणीत वित्तव्यवस्थेचे चार पैलू वेगळे ठेवले आहेत: आकार, लोकांपर्यंतची पोहोच, कार्यक्षमता आणि स्थैर्य. यातला एकच पैलू उचलून देशाची प्रतवारी लावणं ही तक्ता वापरणाऱ्याची चूक असते. सरकारी बँकांतला ढिसाळपणा आणि राजकीय दबावाखाली दिलेली कर्जं यांचा बचाव मी करणार नाही, पण तो दोष आणि गावात शाखा ठेवण्याचा खर्च वेगवेगळा मोजायला हवा.

पुढचा तक्ता हाती आला तर

आधी कोणत्या देशांची तुलना चालली आहे ते पाहा. भारताची तुलना जपानशी करण्यापेक्षा इंडोनेशिया, व्हिएतनाम किंवा ब्राझीलशी केली तर जास्त कळतं, कारण कर्जाचा आकार, महागाई आणि कोर्टकचेऱ्यांची अवस्था त्यातल्या त्यात जवळची असते. मग एका वर्षाऐवजी दहा वर्षं पाहा आणि त्यात एखादं संकटाचं वर्ष आहे की नाही ते तपासा. भरभराटीच्या काळातला खर्च-उत्पन्नाचा आकडा निम्मीच गोष्ट सांगतो. त्याच्या शेजारी थकीत कर्जाचा आकडा ठेवला नसेल तर तो तक्ता बाजूला सारलेला बरा. आणि मार्जिन घटलं असेल तर ते कर्ज स्वस्त झाल्यामुळे घटलं, ठेवीवर व्याज वाढल्यामुळे घटलं, की केनियासारखं छोट्या कर्जदारांनाच वगळल्यामुळे घटलं, हे विचारा.

यूपीआयच्या बाबतीत आपल्यासमोर हाच प्रश्न येणार आहे. जानेवारी २०२० पासून साध्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. यंत्रणा चालवायचा भार बँका आणि पेमेंट कंपन्या उचलतात, त्यातला काही भाग सरकार अनुदानाने भरून देतं. बँकेच्या वहीत हा खर्च दिसतो. भाजीवालीच्या सुट्या पैशांची वाचलेली कटकट आणि बँकेत न घालवावा लागलेला दिवस कुठल्याच निर्देशांकात दिसत नाही. शुल्क लावावं की नाही यावर चर्चा होईल तेव्हा बँका खर्च-उत्पन्न गुणोत्तर पुढे करतील. तो आकडा खोटा नसेल, पण त्याच टेबलावर ग्राहकाच्या बाजूचाही हिशेब मांडायला लागेल, आणि तो आपल्यालाच मागावा लागेल.